नटाची वॉरंटी कोण देणार?

पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत गोटीपाने घ्यायला येणारी माणसं दोन जातींची असतात. पहिल्या जातीतल्या माणसाचे हात मनगटापर्यंत काळे असतात. तो दुकानात शिरत नाही. पायरीवरूनच खिशातली तडकलेली गोटी दाखवतो, "चौदाची द्या, अर्ध्या इंचाची," एवढंच म्हणतो आणि मिनिटभरात दिसेनासा होतो. दुसऱ्या जातीत तुम्ही-आम्ही येतो. आपली नखं स्वच्छ असतात, रात्री दोन तास व्हिडिओ बघून झालेले असतात आणि आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती पीसचा आहे?"

हा प्रश्न ऐकला की दुकानदाराला हायसं वाटतं. आता फार काही बोलावं लागणार नाही हे त्याला कळतं. तो मागे न बघता हात मागे नेतो आणि ४६ पीसचा खोका समोर ठेवतो.

या खोक्याचं झाकण उघडताना आतला झगमगाट बघून कुणाचाही ऊर भरून येईल. एवढ्या सगळ्या वस्तू, प्रत्येकीला आपापला खळगा, आणि किंमत दोघांच्या हॉटेलातल्या जेवणाएवढी! पण हे ४६ पीस मोजायला बसलं की गंमत सुरू होते. लग्नाच्या पंगतीत मीठ, लिंबू आणि लोणचं ही तीन पक्वान्नं म्हणून धरावीत तशी ही मोजणी असते. गोट्या तेरा. बाकी भरती स्क्रू फिरवायच्या बिटांची, ज्यांतली दोन सोडली तर उरलेल्यांच्या तोंडाचे आकार आपण नक्षी म्हणून बघायचे. तीन एलन की, त्या प्रत्येकी एक पीस. एक स्प्रिंगसारखी लवचीक दांडी, जी हातात घेऊन प्रत्येक जण एकदा वाकवून बघतो, "वा" म्हणतो आणि परत ठेवतो. तिचं आयुष्यातलं काम तेवढ्यावर संपतं.

आणि त्या तेरा गोट्या कुठल्या मापांच्या? चार, साडेचार, पाच, साडेपाच, सहा, सात आणि असं करत चौदा मिलिमीटरपर्यंत. साडेचार मिलिमीटरच्या नटाला मोटरसायकलवर जन्मभर शोधत बसलं तरी तो सापडायचा नाही. उलट मारुतीच्या चाकाचा नट १९ चा. म्हणजे रात्री घाटात चाक पंक्चर झालं, तर ४६ पीसचा हा सेट उघडून आपण त्याच्या उजेडात बसू शकतो. हँडलचा चौकोनी खुंटा पाव इंचाचा असल्यामुळे, चुकून १९ ची गोटी मिळाली असती तरी तिच्यावर लावायला जोर मिळाला नसताच. पाव, तीन अष्टमांश आणि अर्धा इंच हे खुंट्याचे तीन नेहमीचे आकार. यातला कुठला घ्यायचा हा खरा पहिला प्रश्न, आणि तो विचारणारं गिऱ्हाईक आलं की दुकानदार खुर्ची पुढे करतो.

मापांचा मामला तर त्याहून नाजूक आहे. आठ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचं डोकं जगभर एकाच मापाचं असेल असं साध्या माणसाला वाटतं. तसं नाही. जर्मन वळणाच्या गाडीत ते १३ चं असतं, जपानी वळणाच्या गाडीत १२ चं. दहा मिलिमीटरच्या बोल्टवर तर तीन पक्ष आहेत: जुनं जर्मन माप १७, आंतरराष्ट्रीय माप १६, जपानी १४. होंडा, यामाहा, सुझुकी यांच्या घरात वाढलेल्या आपल्या बहुतेक दुचाक्या आणि, चाकाचा १९ सोडला तर, मारुत्या १०, १२, १४, १७ एवढ्यावर सुखाने नांदतात. जुन्या बुलेटवाल्याचा प्रश्नच वेगळा. त्याच्याकडे इंग्रजांच्या इंची मापाचे नट असतात आणि त्याला गोटीपाना विकायच्या भानगडीत शहाणा दुकानदार पडत नाही, त्याला फक्त चहा विचारतो. तात्पर्य, सेट घेण्याआधी गाडीचं कूळ बघावं लागतं. बाराच्या नटावर तेराची गोटी 'बसते' हे खरं आहे. पाट्यावर वरवंटाही बसतो.

आता दर्जाची परीक्षा. ती आपण मराठी माणसं पिढ्यानुपिढ्या चार प्रकारे करत आलो आहोत आणि चारही प्रकार निरुपयोगी आहेत.

पहिली परीक्षा वजनाची. गोटी तळहातावर झेलायची, ओठ जरा पुढे काढायचे आणि शेजारच्याला म्हणायचं, "वजन आहे हं." पितळेचा तांब्या घेताना हे बरोबर होतं. गोटीच्या बाबतीत उलटं असतं. पोलाद चांगलं असेल, नीट तापवून पाणी दिलेलं असेल, तर गोटीची भिंत पातळ ठेवता येते आणि ती इंजिनाच्या अडचणीत शिरते. ज्याच्या पोलादावर बनवणाऱ्याचाच विश्वास नाही तो भिंत जाड करतो. मग ती गोटी हातात भारदस्त लागते आणि नटापर्यंत पोचतच नाही, शेजारच्या पाइपला अडून बसते. अर्थात इम्पॅक्ट गनवर लावायच्या काळ्या गोट्या मुद्दाम जाड असतात, त्यांना धक्के खायचे असतात. चकचकीत पातळ गोटी गनवर लावू नये. तडकली की तुकडा कुठे जाईल याचा नेम नसतो.

दुसरी परीक्षा आवाजाची. गोटी फरशीवर टाकायची आणि 'टण्ण' वाजली की मान डोलवायची. फरशी कुठल्या खाणीतली आहे एवढंच या परीक्षेत समजतं.

तिसरी परीक्षा लोहचुंबकाची. ही करणारा माणूस बहुधा निवृत्त असतो आणि चुंबक घरून घेऊन आलेला असतो. चुंबक चिकटतो. चिकटणारच, भिकारातलं भिकार लोखंडसुद्धा चुंबकाला चिकटतं. तरीही चिकटल्यावर काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो त्यावर पाणी टाकायची हिंमत मला झालेली नाही.

चौथी परीक्षा वाचनाची. गोटीवर 'क्रोम व्हॅनेडियम' असं कोरलेलं आहे का ते बघायचं. यात थोडं तथ्य आहे. व्हॅनेडियम पोलादाचे कण बारीक ठेवतं आणि पोलाद चिवट होतं. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टी गाडीत हेन्री फोर्डने व्हॅनेडियमचं पोलाद वापरलं ते याच गुणामुळे. पण अक्षरं कोरायला व्हॅनेडियम लागत नाही, ठसा लागतो. आणि पोलाद खरंच त्या जातीचं असलं तरी त्याला भट्टीत किती तापवलं, कसं निववलं आणि पुन्हा किती उतरवलं यावर सगळं अवलंबून. जास्त कडक झालं तर गोटी काचेसारखी फुटते, मऊ राहिलं तर तिचं तोंड फाकतं. चांगली गोटी मरताना आधी फाकते, सूचना देते. कोरलेल्या अक्षरांत यातलं काही येत नाही.

मग बघायचं काय? गोटी डोळ्याला लावून आत बघायचं, एवढं साधं आहे. आतले कोन सहा आहेत की बारा? बारा कोनांची गोटी नटावर पटकन बसते, हँडल थोडं फिरवलं तरी चालतं, पण ती नटाला त्याच्या कोपऱ्याजवळ धरते. नट नवा असेल तर हरकत नाही. पावसाळे खाल्लेल्या गंजक्या नटाचे कोपरे आधीच अर्धे गेलेले असतात, तिथे सहा कोनांचीच गोटी हवी. आतल्या भिंती सरळ आहेत की ओबडधोबड? चौकोनी भोक गोटीच्या बरोबर मध्यात आहे की जरा बाजूला? क्रोमचा मुलामा कडेला सोलवटलेला नाही ना? सोलवटलेला मुलामा पात्यासारखा बोट कापतो. एवढं बघायला अर्धं मिनिट लागतं, पण ते कुणी बघत नाही, कारण तोवर हातात रॅचेट आलेलं असतं.

रॅचेट हातात आलं की बुद्धी थांबते. बँकेतला अधिकारी, कॉलेजातला प्राध्यापक, नातवाला घेऊन आलेले आजोबा, सगळे ते फिरवायला लागतात. कर्र कर्र कर्र. दुकानदार मुद्दाम गप्प राहतो. या आवाजाने जेवढी विक्री होते तेवढी त्याच्या बोलण्याने होत नाही. खोक्यावर '७२ दाते' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की दर ५ अंशाला एक दाता, म्हणजे अडचणीच्या जागी हँडल पाच अंश हलवायला मिळालं तरी नट पुढे सरकतो. २४ दात्यांच्या रॅचेटला १५ अंश लागतात. बारीक दाते सोयीचे, पण स्वस्त रॅचेटमध्ये बारीक दाते म्हणजे बारीक दुखणी. जाम झालेला नट रॅचेटने सोडवायचाच नसतो. त्यासाठी टॉमी किंवा साधं एल हँडल असतं. नट हलला की मग रॅचेटने सरसर काढायचा. हे कुठल्याही गॅरेजमधल्या पोऱ्याला माहीत असतं आणि आपण मात्र रॅचेट लावून, पाय भिंतीला टेकवून, देवाचं नाव घेऊन ओढतो.

आता वॉरंटी. हा संवाद महाराष्ट्रात सर्वत्र एकाच चालीवर म्हटला जातो.

"गॅरंटी काय आहे?"

"लाइफटाइम, शेठ."

"कोण देणार?"

"कंपनी देणार."

"कंपनी कुठंय?"

इथे दुकानदार खोका उलटा करतो. खोका उलटा केल्यावर त्याची कडी आपोआप सुटते, कारण पूर्ण सेटमध्ये सर्वांत आधी दगा देणारी वस्तू म्हणजे ती प्लॅस्टिकची कडी. सेहेचाळीस पीस दुकानभर होतात. ते गोळा करून होईपर्यंत कंपनी कुठे आहे हा प्रश्न कुणाच्या लक्षात राहत नाही.

तो लक्षात ठेवावा. २०११ च्या वजनमापाच्या नियमांप्रमाणे बंद खोक्यातल्या मालावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. तो नंबर दुकानात उभं राहूनच लावून बघावा. उचलला तर निम्मी वॉरंटी खरी. 'आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही' असं ती बाई गोड आवाजात म्हणाली, तर लाइफटाइम कुणाचा संपला ते तिथेच समजतं.

खोक्यात घडी घातलेला एक कागदही असतो. तो मुंगीला वाचता यावा अशा अक्षरात छापतात. वॉरंटी फक्त उत्पादनातल्या दोषाला आहे. नेहमीच्या वापराने झालेल्या झिजेला नाही. गैरवापराला नाही. गंजाला नाही. मुलाम्याला नाही. हँडलला पाइप लावून जोर केला असल्यास नाही. या सगळ्या अटी पाळायच्या तर गोटी खोक्यात झोपलेली असतानाच तुटायला हवी. तशी ती तुटली, तर ती स्वखर्चाने कंपनीला पाठवायची. शंभर-सव्वाशेच्या गोटीला दीडशेचं कुरिअर. शिवाय मूळ बिल हवं.

बिल हा आपल्याकडे स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. "बिल द्या," म्हटलं की दुकानदार चमकून बघतो. "पक्कं पाहिजे? मग अठरा टक्के वर." म्हणजे वॉरंटीचा पहिला हप्ता गिऱ्हाइकाने तिथेच भरायचा. वास्तविक खोक्यावर छापलेल्या कमाल किमतीत सगळे कर धरलेलेच असतात. पण हे म्हटलं की दुकानदार छापील किंमतच दाखवतो, जी त्याने मागितलेल्या किमतीच्या दुप्पट असते, आणि आपण मुकाट्याने कच्च्या चिठ्ठीवर तयार होतो. पक्कं बिल मिळालंच तर ते थर्मल कागदावर असतं. दोन उन्हाळ्यांत त्यावरचं अक्षर उडून जातं. आयुष्यभराच्या हमीचा पुरावा म्हणून आपण मग कपाटात एक कोरा पांढरा कागद जपून ठेवतो. घेतल्या दिवशी बिलाचा फोटो काढून ठेवला तर हे टळतं.

आयुष्यभराच्या हमीची ही कल्पना अमेरिकेतली. तिथे सिअर्स नावाच्या दुकानसाखळीने १९२७ साली 'क्राफ्ट्समन' हा हत्यारांचा ब्रँड काढला. पुढे त्यांची ख्याती अशी झाली की तुटलेली गोटी काउंटरवर ठेवायची, बिल नाही, चौकशी नाही, नवी घ्यायची. आजोबांची गोटी नातू बदलून आणायचा. आपल्याकडे असं दुकान निघालं असतं तर जुन्या बाजारातल्या सगळ्या फुटक्या गोट्या दुसऱ्या दिवशी काउंटरवर रांगेत उभ्या असत्या. तिकडे हमी टिकली, गोट्या टिकल्या, दुकान मात्र टिकलं नाही: २०१७ मध्ये ब्रँड स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकरला विकला गेला आणि २०१८ च्या ऑक्टोबरात सिअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. हमी घेताना गोटीचं आयुष्य सगळे विचारतात, दुकानाचं कुणी विचारत नाही.

आपल्याकडे हत्यारांची मोठी वसाहत जालंधर-लुधियानाकडे. महाराष्ट्रातलं मोठं नाव टपारियाचं, त्यांचा कारखाना नाशिकला सातपूरमध्ये. या मंडळींच्या गोट्या सुट्या मिळतात, आणि ही सुटी मिळण्याची गोष्ट मला कुठल्याही वॉरंटीहून मोलाची वाटते. खोक्यातली परदेशी बाराची गोटी फुटली की तो खळगा कायमचा मोकळा राहतो, समोरचा दात पडल्यासारखा सेट हसायला लागतो. सुटी मिळणारी फुटली तर माणूस चालत जाऊन दुसरी आणतो. कुरिअर नको, कागद नको.

गॅरेजमधल्या मिस्त्रीकडे म्हणूनच कधी सेट नसतो. नाना पेठेतल्या किंवा तुमच्या गल्लीतल्या कुठल्याही मिस्त्रीचा डिझेलने माखलेला ट्रे बघा. पाच कंपन्यांच्या गोट्या, दोन जुन्या बाजारातल्या, एक कुणीतरी गाडीत विसरून गेलेली. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी पोत्यावर मांडलेल्या गोट्यांना वॉरंटी नसते, विक्रेता नजरही वर करत नाही. पण जी गोटी वीस वर्षं राबून अजून कोन राखून आहे तिला आणखी कसली परीक्षा द्यायची आहे? बघायचं एवढंच की आतले कोन खरंच राखलेले आहेत.

हाच मिस्त्री पाइपवाला गुन्हाही रोज करतो. मोटारीच्या चाकाचा नट साधारण १०० न्यूटन मीटरच्या आसपास आवळायचा असतो. मिस्त्री एक मीटर पाइप लावतो आणि साठ किलोच्या पोऱ्याला टोकावर उभा करतो. हिशेब केला तर ते सुमारे ५९० न्यूटन मीटर भरतात, आणि वर पोऱ्या उड्या मारतो त्या वेगळ्या. या वेळी मिस्त्री वापरतो ती गोटी ट्रेमधली सर्वांत चांगली असते. एका मिस्त्रीला मी वॉरंटीबद्दल छेडलं तेव्हा तो नटाकडे बोट दाखवून म्हणाला, "साहेब, गोटी फुटली तर कंपनी गोटी देईल. नट गोल झाला तर नट देईल का?"

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच खोक्यात नाही. स्वस्त गोटी तुटते तेव्हा नुकसान गोटीच्या किमतीएवढं. ती न तुटता नटावर घसरते तेव्हा खरा खर्च सुरू होतो. नटाचे कोपरे गेले की आधी छिन्नी-हातोडी, मग त्यावर दुसरा नट वेल्डिंगने चिकटवून फिरवायचा प्रयत्न, मग बोल्ट तुटला की ड्रिल, मग आटे पाडायला लेथवाला, आणि लेथवाला म्हणतो, "परवा या." हात घसरून बोटांची सालटी निघतात ती वेगळी. त्यांना कुठल्याच अटीत जागा नाही.

म्हणून सेटच घ्यायचा असेल तर घरातल्या सायकलीला, पंख्याला, नातवाच्या खेळण्याला ४६ पीसवाला जरूर घ्या. दोनशे-चारशे रुपयांत एवढी करमणूक दुसरीकडे मिळत नाही. गाडीवर मात्र सुट्या गोट्या घ्या: सहा कोनांच्या, आपल्या गाडीच्या मापाच्या, पाच-सहा पुरतात. जोडीला एक एल हँडल. रॅचेट परवडलं तर. जाताना गाडीचा एक न झिजलेला बोल्ट खिशात न्या आणि दुकानात प्रत्येक गोटी त्याच्यावर बसवून हलवून बघा. डगडगली तर ठेवून द्या, दुकानदार काहीही म्हणो. आणि दहाच्या दोन घ्या. दहाचा नट गाडीत जिथे तिथे असतो, दहाचीच गोटी हमखास इंजिनाखाली घरंगळते, आणि हरवलेल्या गोटीला जगातली कुठलीही कंपनी वॉरंटी देत नाही.